मंदिरप्रवेश आणि समता : एका समीक्षासंज्ञेचा वऱ्हाडच्या संदर्भात विचार

'दलित साहित्याने मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात प्रवेश केला' हे विधान मराठी समीक्षेत इतक्या वेळा केले गेले आहे की ते विधान आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचेही विस्मरण झाले आहे. साहित्येतिहासाच्या प्रकरणांत, संमेलनांच्या वृत्तांतांत आणि प्रबंधांच्या प्रास्ताविकांत ते सारख्याच निःशंकपणे येते. त्यातील रूपकाची घडण मात्र तपासण्याजोगी आहे. प्रवाहात कोणी प्रवेश करीत नाही. प्रवाहाला दुसरा प्रवाह येऊन मिळतो आणि मिळाल्यावर दोघांचेही पाणी बदलते. प्रवेश होतो तो वास्तूत. ज्या वास्तूला उंबरठा आहे, दार आहे आणि दाराशी उभा असलेला कोणी आहे, तिच्यात. म्हणजे बोलायचे प्रवाहाविषयी आणि मनात धरायचे मंदिर, असा हा प्रकार आहे. 'शारदेचे मंदिर', 'सारस्वताचा गाभारा', 'वाग्देवीचे पूजन' ही मराठी साहित्यव्यवहाराची जुनी, आवडती भाषा लक्षात घेतली की या घोटाळ्याचे मूळ सापडते. ज्या समाजात मंदिरप्रवेश हा शब्द अलंकारिक नव्हता, तेथे साहित्यविषयक विचारातही तो निव्वळ अलंकार म्हणून राहू शकत नाही.

या शब्दाचा खरा अर्थ कळण्यासाठी वऱ्हाडात जावे लागते.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी सत्याग्रह करण्याचा विचार शहरात आधीपासून चालू होता, आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या स्पृश्य तरुणांचा पाठिंबा होता. परिषद चालू असतानाच आंबेडकरांच्या वडील बंधूंच्या, बाळारामांच्या, निधनाची वार्ता येऊन पोहोचली. अखेर देवस्थानाच्या बाजूने वाटाघाटींची आशा दाखविण्यात आली आणि सत्याग्रह पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत लांबविण्यात आला. घटना म्हणून एवढीच. महाडच्या चवदार तळ्याचे किंवा नाशिकच्या काळारामाचे नाट्य तिच्यात नाही, आणि म्हणूनच बहुधा चळवळीच्या इतिहासांत तिला अर्धेमुर्धे पानच मिळते. तात्त्विक दृष्ट्या मात्र ती या दोन्ही लढ्यांच्या मधोमध उभी आहे आणि दोन्ही बाजूंना पाहते आहे.

महाडचे तळे सार्वजनिक होते. मुंबई कायदेमंडळाचा ठराव आणि नगरपालिकेचा निर्णय पाठीशी होता. वाद होता तो आधीच मान्य झालेल्या हक्काच्या वापराचा. अंबादेवीच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड झाला. मंदिर कोणाचे? पंचांचे, हिंदूंचे की देवीचे? आंबेडकरांनी या प्रश्नाला त्या काळात दिलेले उत्तर आजच्या वाचकाला काहीसे अनपेक्षित वाटेल. हिंदुत्वाची इमारत ज्यांनी उभारली त्यांत वसिष्ठांसारखे ब्राह्मण जसे आहेत, तसे वाल्मीकी, चोखामेळा, रोहिदास हेही आहेत, तेव्हा तिच्यावर जितका स्पृश्यांचा तितकाच अस्पृश्यांचा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी होती. देवदर्शनाची ओढ हा तिचा आधार नाही. तिचा आधार वारसाहक्काचा आहे. दाराबाहेरचा माणूस आत येऊ द्या म्हणत नाही. हे घर बांधणाऱ्यांत आमचे पूर्वज होते, तेव्हा दार लावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे तो विचारतो.

'येऊ द्या' आणि 'कोणी दिला' या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच समावेश आणि समता यांच्यातील अंतर आहे. पहिल्या वाक्यात दाराची मालकी गृहीत धरलेली आहे आणि वाटाघाट फक्त ते उघडण्याविषयी आहे. दुसऱ्यात मालकीलाच हात घातला आहे. अमरावतीच्या घटनाक्रमातील उपरोध असा की मागणी दुसऱ्या वाक्याची होती, तरी व्यवहार पहिल्या वाक्याच्या पातळीवरच झाला. मुदत पंचांच्या अनुकूलतेने ठरली. हक्क बजावण्याचा दिवस जेव्हा दुसऱ्याच्या सोयीने ठरतो, तेव्हा हक्काचे रूपांतर सवलतीत होण्यास सुरुवात झालेली असते. यात परिषदेचा दोष शोधणे अनैतिहासिक ठरेल. संयमाचीही राजकीय गरज असते. पण जी भाषा वारसाहक्काने सुरू झाली ती विनंतीच्या पदरात कशी जाऊन पडते, हे येथे इतके स्वच्छ दिसते की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पुढच्या पाचसहा वर्षांत ही फट रुंदावत गेली, आणि वऱ्हाडातच ती एका बाजूने बुजविण्याचाही प्रयत्न झाला. अमरावतीचे गणेश आक्काजी गवई हे अस्पृश्यांचे जुने, कर्तबगार पुढारी. १९३२ च्या आरंभी राजा-मुंजे कराराच्या वेळी ते एम. सी. राजा यांच्या बाजूला, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूला राहिले. हिंदू समाजात राहून, त्याच्याशी जुळवून घेत पुढे जावे असा तो मार्ग होता. या मार्गाला सरसकट शरणागती म्हणण्याची प्रथा आहे. ती सोयीची आहे, न्याय्य नाही. खेड्यात ज्याला रोजच्या पाण्यासाठी आणि भाकरीसाठी सवर्णांच्या मर्जीवर जगायचे आहे त्याच्या दृष्टीने उघडलेले एखादे दारही थोडे नसते. गवईंच्या मार्गाची मर्यादा निराळी आहे. जुळवून घेणाऱ्याने किती बदलायचे हे त्यात ठरलेले आहे, ज्याच्याशी जुळवून घ्यायचे त्याने किती बदलायचे हे मात्र मोघम ठेवलेले आहे.

सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर मंदिरप्रवेश हा देशव्यापी कार्यक्रम झाला. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याच्या परिसरातून सुरू झालेल्या गांधीजींच्या हरिजन दौऱ्यात अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे होती. पण त्यापूर्वीच, १४ फेब्रुवारी १९३३ रोजी, मध्यवर्ती कायदेमंडळातील रंगा अय्यर यांच्या मंदिरप्रवेश विधेयकावर निवेदन काढून आंबेडकरांनी त्याला पाठिंबा नाकारला होता. ते निवेदन अमरावतीच्या भूमिकेशेजारी ठेवून वाचले पाहिजे. त्यातील आक्षेप असा की हे विधेयक अस्पृश्यतेला पाप मानत नाही. मंदिर उघडावे की न उघडावे हे ते स्पृश्य बहुमताच्या इच्छेवर सोपविते. पापाचा निकाल मतदानाने लागत नाही. शिवाय मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय आहे की पहिली पायरी, याचे उत्तर आधी द्या, अशी मागणी त्यात आहे. अंतिम ध्येय असेल तर ते नको. पहिली पायरी असेल तर चातुर्वर्ण्याच्या पुढच्या पायऱ्यांचे काय, ते बोला. आणि या संदर्भात त्यांना उपमा सुचते ती युरोपियनांच्या क्लबांची. हिंदी माणसाला कुत्र्याच्या रांगेत बसवून मज्जाव करणाऱ्या त्या क्लबांच्या दारावरच्या पाट्या आणि मंदिराचे बंद दार यांना ते एकाच मापाने मोजतात. वर्णद्वेषाने दुखावलेल्या सवर्ण हिंदूला त्याच्याच दुखण्याने जातिभेद समजावून देण्याची ही युक्ती वादपटुत्वापुरती नाही. ज्या क्लबात बसणाऱ्यांना आपण खालचे वाटतो तेथे खुर्ची मिळण्यासाठी किती धडपडावे, हा स्वाभिमानाचा प्रश्न तिच्यात आहे. सहा वर्षांपूर्वी जे घर आपल्याही पूर्वजांचे म्हणून सांगितले होते ते आता परक्याचा क्लब झाले आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेचा आणि १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराचा तर्क या उपमेतच पूर्ण झालेला आहे.

कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. भारतीय संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता 'नष्ट' करते. पंचविसाव्या कलमातील तरतूद हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना 'खुल्या' करण्याविषयी बोलते. पहिले क्रियापद संबंधच संपविते. दुसरे संबंध राखून दार सैल करते. दोन्हींची गरज होती यात शंका नाही. पण स्वातंत्र्योत्तर समाजाने आपलेसे केले ते दुसरे क्रियापद.

याच जिल्ह्यात दुसऱ्या वाटेचे उदाहरणही आहे. पंजाबराव देशमुखांनी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी मोकळ्या करण्याचा निर्णय घेतला. विहीर आणि मंदिर यांत पावित्र्याचा फरक आहे असे वरवर वाटते. खरा फरक अधिकाराचा आहे. विहीर ज्या संस्थेची होती तिच्यात कर भरणाराचा वाटा होता, निवडून आलेला माणूस तिच्या निर्णयाला उत्तरदायी होता. म्हणून तेथे 'कोणाची?' या प्रश्नाला निदान कागदावर तरी एक समतेचे उत्तर होते. गावोगावी त्या निर्णयाचे काय झाले हा स्वतंत्र विषय. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिणाऱ्या विद्वानाने परतल्यावर हात घातला तो विहिरीला, ही गोष्ट सूचक आहे एवढेच.

अंबादेवीपासून फार दूर नसलेल्या रिद्धपुरात हा प्रश्न सात शतके आधी मराठी गद्यात येऊन गेला आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात गावातील प्रतिष्ठितांची एक तक्रार नोंदलेली आहे. राऊळ मातंगांच्या घरी जातात आणि तसेच दीक्षित ब्राह्मणांच्या घरात शिरतात, त्यामुळे गावात शिवाशिवीचा काही विधिनिषेधच उरला नाही, असा तिचा आशय. समतेचा आद्य पुरावा म्हणून ही लीळा सांगितली जाते. तिचे मोल मोठे आहे, पण ते नेमके कोठे आहे हे पाहिले पाहिजे. सीमा ओलांडणारा येथे वरून खाली येणारा आहे. त्याला वेडेपणाचे आणि ईश्वरत्वाचे दुहेरी अभय आहे. मातंगाने दीक्षिताच्या घरात पाऊल टाकल्याची ती कथा नाही. तरीही तक्रार करणाऱ्यांना जे कळले ते आधुनिक समावेशवाद्यांना कळत नाही. राऊळ मातंगांच्या घरी गेले एवढ्याने ते अस्वस्थ नाहीत. तेच पाय पुन्हा आपल्या घरात आले याने ते अस्वस्थ आहेत. मातंगाच्या घरचा स्पर्श आत आला की आतले घर पूर्वीचे राहत नाही, हे त्यांनी भीतीपोटी का होईना ओळखले होते. समतेची हीच खूण आहे : आत असलेल्याचे काहीतरी बदलते.

या खुणेने मराठी साहित्यव्यवहाराकडे पाहावे.

आरंभीच एक नकार भेटतो. १८८५ साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून परत केले. जे लोक माणसांचे हक्क मनापासून देत नाहीत आणि ज्यांच्या वर्तनावरून पुढे देतील असे अनुमानही काढता येत नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा अभिप्राय होता. ते पत्र सामान्यतः फुल्यांच्या परखडपणाचा नमुना म्हणून उद्धृत होते. प्रत्यक्षात ते मराठीतील पहिले महत्त्वाचे समीक्षात्मक विधान मानावे इतके मूलगामी आहे, कारण ग्रंथ आणि ग्रंथ ज्या मेळाव्यात मोजला जातो तो मेळावा यांचा संबंध त्यात प्रथम उघड केलेला आहे. निमंत्रण म्हणजे दार उघडणेच. फुल्यांनी दाराच्या मालकीविषयी विचारले.

त्यानंतर संमेलने वऱ्हाडातही भरली. १९१२ मध्ये अकोल्याला हरि नारायण आपटे अध्यक्ष होते. १९८१ मध्ये अकोल्यालाच गो. नी. दांडेकर. १९८९ मध्ये अमरावतीला के. ज. पुरोहित. मधल्या काळात, १९५८ साली, मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९८४ मध्ये जळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरात यांच्याकडे आले. २००५ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले केशव मेश्राम, ज्यांचा जन्म १९३७ साली अकोल्यात झाला होता. ज्या नाशकात काळारामाच्या दारापुढे पाच वर्षे सत्याग्रह चालला, त्या नाशकात अकोल्याचा एक दलित कवी साहित्यसंमेलनाच्या व्यासपीठाच्या मध्यभागी बसला, ही घटना लहान नाही. तिची थट्टा करणारे बहुधा असे असतात की ज्यांना व्यासपीठाची जागा कधी नाकारली गेली नव्हती.

तरीही प्रश्न राहतो. मेश्रामांच्या आगमनाने मराठी कविता मोजण्याचे माप बदलले काय? त्यांच्या १९७७ च्या संग्रहाचे नाव 'उत्खनन' असे आहे. हे नाव 'प्रवेश' या संज्ञेच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. प्रवेश करणारा जमिनीवर उभ्या असलेल्या वास्तूत पाऊल टाकतो, तर उत्खनन करणारा त्या वास्तूखालची जमीनच उकरतो, आणि वास्तू जेथे उभी आहे तेथे आधी काय होते ते वर काढतो. अशा कवितेला दिलेली दाद जर 'प्रचारकीपणा टाळून कलात्मकतेचे भान राखणारी कविता' अशा शब्दांत येत असेल, तर खणणाऱ्याच्या हातातली कुदळ काढून घेऊन त्याला पूजेचे ताम्हन दिल्यासारखे ते होते. स्तुती खरी असते, आदरही खरा असतो. पण ज्या निकषावर कवी उतरला म्हणून त्याचा गौरव होतो तो निकष त्याच्या येण्यापूर्वी ठरलेला असतो, त्याच्या येण्यानंतरही तसाच राहतो. संयम, अलिप्तता, सूचकता, वैयक्तिक अनुभवाचे सार्वत्रिकीकरण ही मूल्ये सर्वकालीन म्हणून मांडली जातात. वस्तुतः ती ज्याला ओरडण्याची गरज पडली नाही अशा वर्गाची सभ्यता आहे.

येथे अमेरिकेचा संदर्भ उपयोगी आहे. म. ना. वानखडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली आणि जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या तुलनेला परंपरा आहे. तुलना बहुतेक वेळा वेदनेच्या साम्यावर थांबते. साम्य त्याहून खोल आहे. १९५४ च्या न्यायालयीन निर्णयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्यानंतर दक्षिणेत एकत्रीकरण झाले ते बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद करून आणि त्यांची मुले गोऱ्यांच्या शाळांत पाठवून. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. मुले आत आली आणि त्यांना शिकविणारे बाहेर पडले. १९६७ मध्ये स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी 'ब्लॅक पॉवर' या पुस्तकात एकीकरणाच्या कल्पनेवर जो आक्षेप घेतला तो या अनुभवातून समजतो : वाट एकाच दिशेने चालते, चांगले ते सगळे गोऱ्यांकडे आहे असे गृहीत धरून. मराठी समीक्षेच्या बाबतीत मुलांच्या जागी दलित लेखक ठेवावा आणि शिक्षकांच्या जागी दलित समीक्षादृष्टी. लेखक आत आला. त्याला वाचण्याची जी दृष्टी त्याच्या चळवळीने घडविली होती ती 'समाजशास्त्रीय' ठरून बाहेर राहिली.

वऱ्हाडपुरते बोलायचे तर आणखी एक उदाहरण टाळता येत नाही, ते उद्धव शेळके यांच्या 'धग'चे. १९६० ची ही कादंबरी आणि तिच्यातली कौतिक आज मराठीच्या सर्वमान्य ठेव्यात आहेत. तिची वऱ्हाडी बोली हे तिचे वैशिष्ट्य म्हणून आवर्जून सांगितले जाते, आणि त्याच दमात तिला 'प्रादेशिक' म्हटले जाते. पुण्यातल्या पेठांत घडणारी कादंबरी कधी प्रादेशिक नसते. अमरावतीच्या परिसरातल्या शिंपी कुटुंबाची नेहमीच असते. निवेदन प्रमाणभाषेच्या जवळ आणि संवाद बोलीत, या 'धग'च्या रचनेतच जणू ही वाटणी मान्य केलेली दिसते : सांगणारा आतला, बोलणारे बाहेरचे. तथापि 'धग'ची उपेक्षा आणि दलित साहित्याची उपेक्षा यांना एकाच पंक्तीत बसविणे चुकीचे होईल. कौतिकला गावाच्या विहिरीवर जाता येते. प्रदेशाचे दुय्यमत्व आणि जातीचे बहिष्कृतत्व यांतील हा फरक पुसला की 'ग्रामीण-दलित' असा जोडशब्द तयार होतो, आणि विद्यापीठांनी तो फार आनंदाने वापरला.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. प्रत्येक समूहाचे साहित्य त्याच्याच निकषांनी मोजायचे तर साहित्याची सामाईक भूमीच नष्ट होईल, वेगळ्या निकषांच्या नावाखाली वेगळी वस्तीच उभी राहील, असा तो आक्षेप आहे. तो खोटा नाही. 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' स्वतंत्र मांडण्याच्या प्रयत्नांतून कधीकधी असेच घडले. अभ्यासक्रमात त्याची स्वतंत्र पत्रिका झाली आणि कादंबरी, कविता, समीक्षा यांच्या मुख्य पत्रिका निर्धास्त झाल्या. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला दुसरीकडे आसरा नव्हता. त्या धर्मशाळेची गरज निर्विवाद होती. पण तिच्यामुळे विठ्ठलाचे दार उघडले नाही, आणि तसा दावा बाबांनीही केला नाही.

तेव्हा उपाय वेगळ्या निकषात नाही. दलित साहित्यातून घडलेला निकष दलितेतर साहित्याला लावून पाहण्यात आहे. १९१२ च्या अकोल्याच्या अध्यक्षांच्या कादंबऱ्यांतील विधवेचे दुःख वाचताना त्या घरात पाणी कोण भरते, अंगण कोण झाडते आणि तो माणूस कादंबरीत नाव घेऊन का येत नाही, हे विचारणे 'साहित्यबाह्य' मानले जाते तोवर दलित साहित्य पाहुणेच राहील. हा प्रश्न हरिभाऊंना कमी लेखण्यासाठी नाही. त्यांच्या करुणेची व्याप्ती मोजण्यासाठी आहे, आणि ज्या लेखकाजवळ करुणा आहे त्यालाच तो विचारता येतो. रिद्धपूरच्या गृहस्थांना वाटलेली धास्ती येथे समीक्षकाला वाटली पाहिजे : बाहेरून आलेल्या पावलाने आतली जमीन बदलते आहे की नाही.

सध्या ती फारशी बदललेली दिसत नाही. २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला. तेथील समीक्षेच्या वर्गात आनंदवर्धन, अ‍ॅरिस्टॉटल आणि मर्ढेकर शिकविले जातील, ते योग्यच आहे. फुल्यांचे १८८५ चे पत्र आणि आंबेडकरांनी अमरावतीत घेतलेली भूमिका मात्र बहुतेक ग्रंथालयांत अजून समीक्षेच्या कपाटात नाहीत. त्यांचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला इतिहास आणि समाजकारण यांच्या कपाटांकडे जावे लागते.